आखाजीपर्यंतचं काम

रनाळे, ३ फेब्रुवारी २०२५

चि. चांदनी,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्ता तुझ्या आईनं, कंकुबाईंनी दिला. त्यांनी तो कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिला, माझ्या पिशवीत घातला आणि शेठना सांगू नकोस म्हणाल्या. नऊ वर्षांत तुला सुरतेला माझी एक ओळ आली नाही, आणि आज येते आहे ती तुझ्या बापाची तक्रार घेऊन. रागावलीस तरी वाच.

शनिवारी मी अमरचंदशेठना सांगितलं की आखाजीला काम सोडते. यंदा अक्षय्य तृतीया एप्रिलअखेर येते. छत्तीस वर्षं तुमच्या मिरचीच्या कारखान्यात माल निवडला. पथारीवरून वाळून आलेला ढीग बघायचा, मूठभर उचलायची, मोडायची, हुंगायची आणि सांगायचं, हा चांगला, हा दुसऱ्या भावाचा, हा परत. तुला हे सांगायला नको. दप्तर टाकून तू माझ्याजवळ ढिगावरच येऊन बसायचीस. पण आता बासष्ट झाले. वय झालं, बाकी काही नाही.

मी एकदम तोंडावर टाकलं असंही नाही. तीन महिने आधी सांगितलं. चेतना म्हणून म्हसावदची मुलगी आहे, नंदुरबारात, कारखान्याच्या गावीच दिलेली, चार वर्षांपासून माझ्या हाताखाली आहे. तिला तोवर तयार करते, म्हटलं. शेठ बशीत चहा ओतत होते. हसले. तू कुठं जाणार गं, म्हणाले, आणि फोन आला तो घेतला. फोन संपला तरी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि ढिगाकडे गेले.

संध्याकाळी पुन्हा बोलावलं. या वेळी तुझा भाऊ मयंक शेजारी बसला होता. शेठनी दार लोटून घ्यायला लावलं आणि म्हणाले, "खरं सांग सिंधू, तुले कोन फोडं?"

कोणी नाही, म्हटलं. त्यांनी तीन व्यापाऱ्यांची नावं घेतली. एकेक नाव घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते, चोर कबूल होतो का बघावं तसे. छत्तीस वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. आखाजीला जाते, एवढंच परत सांगितलं आणि बस पकडली.

तू माझ्यावर का रुसलीस ते मला नीटसं कळलेलं नाही. पण हे कोणाला तरी सांगायला हवं होतं.

सिंधूमावशी

रनाळे, १२ फेब्रुवारी २०२५

चांदनी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहिते.

सोमवारी मयंकनं टाइप केलेला एक कागद पुढं ठेवला. वर माझं नाव, खाली सहीची जागा. मी चष्मा लावून सगळा वाचला. तो पेन पुढं करून उभा होता. त्याला वाटलं होतं मी नुसती सही करेन. कागदात लिहिलं होतं की सिंधुबाई हिंमतराव पाटील ही यापुढं जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात कोणाही मिरची व्यापाऱ्याकडे, मसालेवाल्याकडे काम करणार नाही, कोणाला शिकवणार नाही, माल कसा निवडतात ते कोणाला सांगणार नाही.

मी त्याला विचारलं, यात मी इथं छत्तीस वर्षं काम केलं हे कुठं आहे? तो म्हणाला, ते कशाला लिहायचं, ते सगळ्यांना माहीत आहे. मग मी पुन्हा मिरचीला हात लावणार नाही हेही सगळ्यांना माहीत होईल, ते तरी कशाला लिहायचं, असं म्हणून पेन त्याच्या खिशाला परत लावलं.

मी कुठं जाणार होते ते तरी ऐक. कुठंच नाही. रनाळ्याच्या घरात दोन खोल्या आणि एक ओटा आहे. सकाळी आठपर्यंत झोपायचं, एवढाच माझा बेत आहे. हे मी शेठनाही सांगितलं असतं. विचारलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी फाटकावर भावेश आडवा आला. त्याला मीच कामाला लावलं होतं. तो खाली बघून म्हणाला, मावशी, तुम्हाला आत सोडायचं नाही असं वरून सांगितलं आहे. मी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याचीही नोकरीच आहे. रस्त्याच्या पलीकडे हिलालभाऊची चहाची टपरी आहे. तिथं बाकावर जाऊन बसले. नऊ ते सहा. डबा तिथंच खाल्ला. सहाला कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा उठले.

आजही तशीच जाऊन बसले. आखाजीपर्यंत काम करते म्हटलं होतं ना, मग आखाजीपर्यंत मी कामावर आहे. आत घेणं न घेणं त्यांच्या हातात आहे. येणं माझ्या पायात आहे.

सिंधूमावशी

रनाळे, ३ मार्च २०२५

चांदनी,

टपरीवर माझा तिसरा आठवडा. हिलालभाऊनं बाकावर पोतं घातलं आहे आणि उन्हाला ताडपत्री बांधून दिली आहे. गिऱ्हाईक वाढलं म्हणतो. माणसं चहा प्यायला येतात आणि मला बघून जातात.

पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत बायका एकेक करून बाहेर यायच्या, पदराच्या टोकाला चार मिरच्या बांधून आणायच्या. मावशी, हा ढीग कसा वाटतो? मी मोडून बघायची, बी वाजवून बघायची, पांढरी पडलेली फटकी बाजूला काढून दाखवायची. चेतना रोज यायची. मयंकला कळलं. त्यानं फाटकावर झडती लावली आणि माल बाहेर नेला तर चोरी लावीन म्हणून सगळ्यांना दम दिला.

त्या दिवशी दुपारी चेतना रिकाम्या हातानं आली. माझ्यापुढं बसली आणि दोन्ही तळवे उघडले. लालभडक. "मावशी, मिरची आनी तर चोरी म्हंतस. हातले लागेल शे ते काय धोई लेतीन?"

तेव्हापासून शिकवणं तळहातांवर चालू आहे. प्रत्येक बाई वेगळ्या ढिगातली मिरची हाताला चोळून येते. मी रंग बघते, तेल सुटलंय का बघते, बोट फिरवून भुकटी किती बारीक बसली ते बघते. मग चेतनाला विचारते, वास काय सांगतोय, बोल. ती बोलते. चुकली तर मी पुन्हा हुंगायला लावते. दहा-दहा हात समोर असतात. हिलालभाऊच्या गिऱ्हाइकांना ठसका लागतो, पण कोणी उठत नाही.

मयंक एकदा रस्ता ओलांडून आला होता. मावशी, हे बरं दिसत नाही, म्हणाला. मी म्हटलं, बाक हिलालभाऊचा, रस्ता सरकारचा, हात ज्याचे त्याचे. तुझं काय आहे ते सांग, मी उचलून देते. तो परत गेला.

शेठ वरच्या खिडकीत दिसतात. मी वर बघते. ते बाजूला होतात.

कंकुबाई म्हणाल्या तू सुरतेला मसाल्याच्याच कंपनीत आहेस. ऐकून बरं वाटलं.

सिंधूमावशी

रनाळे, १८ मार्च २०२५

चांदनी,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांनी एक ओळ. "हे सगळं तू मला का सांगते आहेस?"

होळीला पाड्यावरच्या बायका गावी गेल्या होत्या, कारखाना अर्धा रिकामा होता, मला चार दिवस घरीच वेळ होता. तुझी ओळ ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा वाचली. खरं उत्तर देते.

तू का रुसलीस ते मला कळलेलं नाही असं मी लिहिलं, ते खोटं आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू शिकून परत आलीस आणि कारखाना मी बघते म्हणालीस. ऑफिसात शेठ, मयंक, तू आणि मी. शेठनी मला विचारलं, सिंधू, तू सांग, माल कोणाला कळतो, हिला की ह्याला? तू माझ्याकडे पाहिलंस. आठवीत असताना तू डोळे मिटून मला ओला ढीग आणि सुका ढीग वेगळे करून दाखवले होतेस. मयंकला आजही दिवसाउजेडी ते जमत नाही. आणि मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं, शेठ.

मला सगळं कळत होतं. भीती वाटली. शेठना काय ऐकायचं होतं तेही कळत होतं, म्हणून तेच ऐकवलं. तू त्याच महिन्यात गेलीस. मी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ढिगावर बसले.

माफ कर म्हणायला हे लिहीत नाही. तुझा राग बरोबर आहे, तो तू ठेव. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

आता दुसरं खोटं. वय झालं म्हणून मी काम सोडत नाही. हात चांगले आहेत, डोळेही आहेत. मला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी तापातून उठले तेव्हापासून काहीच येत नाही. फोडणी नाही, धूर नाही, मिरची नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आला नाही. मी मिरची नाकाशी धरायची, डोळे मिटायची, मान हलवायची आणि रंगावरून सांगायची. जमत गेलं. मग या जानेवारीत एक ढीग मी चांगला म्हणून पुढं पाठवला. चेतना मागून आली आणि हळूच म्हणाली, मावशी, आतून कुबट वास येतोय. ढीग उकरला तर मध्ये बुरशी. मी तिला म्हटलं, शाबास, तुझी परीक्षा घेत होते. ती माझं ऐकून हसली. त्यानंतरच्या आठवड्यात मी शेठकडे गेले.

काल चेतना टपरीवर आली. तळवे पुढं केले. मी बघितलं, रंग चांगला आहे म्हटलं, हुंगून मान हलवली. बाकीच्या बायका उठून गेल्या तेव्हा ती माझ्याजवळ सरकली.

"मावशी, आज हातले मिरचीसंगे हिंग बी लायेल शे."

तिनं आणखी काही विचारलं नाही. माझ्या हातात चहाचा कप दिला आणि भोंगा झाला तशी आत गेली. आज परत आली, तळवे पुढं केले, आणि मी विचारायच्या आत स्वतःच वास सांगायला लागली, हा गोडसर आहे, हा मातीचा आहे, हा चालणार नाही. म्हणजे ती आता माझं नाक झाली आणि मला लाजही वाटू दिली नाही.

सिंधू

रनाळे, ६ एप्रिल २०२५

चांदनी,

मालाचा ट्रक परत आला. मयंकनं फाल्गुनात स्वतः पास केलेला माल होता. पोती फोडल्याबरोबर घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी नाक दाबलं म्हणे आणि तसाच उलटा पाठवला. गुरुवारी दुपारी तो ट्रक फाटकासमोर उभा राहिला, मी टपरीवर आणि शेठ वरच्या खिडकीत.

थोड्या वेळानं शेठ खाली आले. भर उन्हात रस्ता ओलांडला आणि माझ्या बाकावर येऊन बसले. हिलालभाऊनं त्यांना चहा दिला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. तू असतीस तर हे झालं नसतं, म्हणाले.

मला हो म्हणता आलं असतं. माझी बाजू किती वर गेली असती बघ. पण मी म्हटलं, "झालं असतं, शेठ. मला दोन वर्षांपासून वास येत नाही."

मग सांगितलं का नाहीस, म्हणाले.

"मी जाते म्हटल्यावर का जाते, एवढं तुम्ही विचारलं नाही. कोणी फोडलं ते विचारलं."

त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला. नंतर आवाज एकदम मऊ केला. अगं, मग काम करू नकोस, नुसती येऊन बसत जा, खुर्ची टाकतो, पंखा लावतो, तुझं नाव आहे, तू दिसलीस तरी पुरे. मनापासून म्हणाले. माणूस वाईट नाही तुझा बाप, ते तुलाही ठाऊक आहे. पण मी म्हटलं, बसायचंच असेल तर मी माझ्या ओट्यावर बसेन. मला शोभेसाठी ठेवू नका. मी तीन महिने मागितले होते ते माझ्यासाठी नव्हते, चेतनासाठी होते. त्यातले दोन तुम्ही फाटकाबाहेर घालवले. उरलेले दिवस मी फाटकातून आत येणार, चेतना माझ्याशेजारी उभी राहणार, आणि ढिगावर शेवटचा शब्द तिचा असेल. हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. मयंकसमोर पण.

ते हो म्हणाले. उठायला लागले. मी त्यांना बसा म्हटलं, आणखी एक राहिलंय. त्यांना असं कोणी बसा म्हणत नाही, त्यामुळे बसले.

मी सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलं होतं माल कोणाला कळतो. मी तेव्हा खोटं बोलले. चांदनीला कळतो. मयंकला कळत नाही, तेव्हाही कळत नव्हता. मी नोकरीच्या भीतीनं गप्प बसले आणि तुम्हाला ते गप्प बसणं सोयीचं होतं.

ते उठले आणि रस्ता ओलांडून गेले. मी तुला खोटी आशा लावत नाही. ते तुला फोन करतील असं मला त्यांच्या चालीवरून वाटलं नाही. पण ज्याच्यासमोर बोलायचं होतं त्याच्यासमोर मी बोलले, हे तुला कळावं.

शुक्रवारी भावेशनं फाटक उघडलं. शेठ स्वतः अंगणात उभे होते. बायकांना बोलावून त्यांनी सांगितलं की आजपासून माल चेतना बघेल, तिनं नको म्हटलं तर मीसुद्धा घेणार नाही. मयंक मोबाइलमध्ये बघत होता. चेतना पदर खोचून ढिगाकडे गेली, आणि पहिलाच ढीग तिनं परत पाठवला. शेठचा चेहरा पडला, पण शब्द पाळला.

सिंधूमावशी

रनाळे, १ मे २०२५

चांदनी,

माझं काम संपलं. काल आखाजी होती, परवा शेवटचा दिवस झाला. तुझं दुसरं पत्र मिळालं. तू येणार नाहीस म्हणालीस, ते वाचून वाईट वाटलं नाही. शेठनी बोलावल्याशिवाय तू तरी का यावंस? चेतनाचा नंबर मागितलास तो वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवला आहे. ती हुशार आहे आणि घाबरत नाही. तुम्ही दोघी बोला. मला काय बोललात ते सांगू नका.

परवाचं सांगते.

समारंभ नको म्हटलं होतं, पण शेठनी केला. अंगणात सतरंजी, टेबलावर शाल आणि नारळ. साठ बायका खाली बसलेल्या, कंकुबाई पहिल्यांदाच कारखान्यात येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. शेठ बोलायला उभे राहिले. म्हणाले, सिंधुबाईंनी छत्तीस वर्षं आमची सेवा केली.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "सेवा नही शेठ, काम करं मी."

बायकांत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मयंक पुढं सरसावला होता. शेठनी त्याला हातानं थांबवलं. थोडं थांबून म्हणाले, बरोबर आहे. काम केलं. माल कसा बघायचा ते मला माझ्या वडिलांनी शिकवलं नाही, हिनं शिकवलं. एवढंच बोलले. पुढचं बोलायचं ठरवून आले असतील तर ते विसरले.

मला बोल म्हणाले. मी काही तयारी केली नव्हती. बायकांकडे पाहिलं. यातल्या कोण कोण किती वर्षांच्या आहेत ते मला माहीत आहे, आणि कोण काय लपवतं तेही. वत्सलाबाईंना उकिडवं बसता येत नाही, त्या पोत्याला टेकून देठ खुडतात आणि शेठ आले की पाय दुमडतात. मी सांगितलं, मी जाते म्हटलं तर मला दोन महिने फाटकाबाहेर बसावं लागलं. तुम्हाला बसावं लागू नये. कोणाला काम सोडून थांबायचं असेल तर आज सांगा, मी अजून इथं आहे आणि शेठही आहेत.

मग वत्सलाबाईंनी हात वर केला. त्यांच्यामागून दुसरा. मग आणखी दोन. चार हात, सगळे लाल.

मयंक म्हणाला, हे काय चाललंय, एकदम चौघी गेल्या तर सीझनला माणूस कुठून आणायचं. शेठनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टेबलामागून निघाले, खाली आले, सतरंजीच्या कडेला उभे राहिले. छत्तीस वर्षांत मी त्यांना असं अडलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले,

"वत्सलाबाई, तुमले कसाले थांबनं शे?"

वत्सलाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं. "बसाले जमत नही, शेठ. तीन वरीस व्हयनात," त्या म्हणाल्या, आणि मग बोलतच सुटल्या. गुडघ्याचं, सुनेचं, घरी काय सांगायचं त्याचं, इथं न आल्यावर दिवस कसा जाईल त्याचं. शेठनी भावेशला खुर्ची आणायला सांगितली. ती आली तेव्हा स्वतः नाही बसले, वत्सलाबाईंना बसवलं. आपण तिथंच सतरंजीवर टेकले आणि ऐकत राहिले. दुसरीनं बोलायला तोंड उघडलं. कंकुबाईही पुढं सरकल्या. बायका गुडघ्यांवर उठून जवळ येत होत्या, चेतना मधोमध.

माझी पाचची बस होती. मी उठले, कोपऱ्यातल्या चपला घातल्या, पिशवी घेतली. शाल आणि नारळ टेबलावरच राहिले. फाटकाशी जाऊन मागे वळून पाहिलं तर मला निरोप द्यायचा हे सगळेच विसरले होते. कोणालाही हाक न मारता मी रस्ता ओलांडला आणि स्टँडकडे चालायला लागले.

तुझी,
सिंधूमावशी